पावणेदोन किलोची राई आणि आमचे नाना

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी राईची सकाळची गोळी भाकरीच्या तुकड्यात दडवत होते. सव्वासात वाजले असतील. राई म्हणजे आमची चिहुआहुआ जातीची कुत्री. वजन पावणेदोन किलो, वय नऊ वर्षं; आणि गोळी असलेला तुकडा कोणता, साधा कोणता, हे तिला न हुंगताही कळतं. पलीकडून माझा मामेभाऊ, नानांचा मुलगा किशोर बोलत होता, धुळ्याहून. "ताई, नाना गेले. चहा घेऊन खोलीत गेलो तर..." आणि माझ्या तोंडून काय जावं? मी विचारलं, "कोणत्या कुशीवर होते? डोक्याखाली उशा किती होत्या?" किशोरनं आठवून पाहिलं. मग म्हणाला, "उजव्या. दोन उशा होत्या." फोन ठेवल्यावर मला माझीच लाज वाटली. माणूस गेलाय आणि आपण दवाखान्यातल्यासारखी चौकशी करतोय... पण गाडीत बसून एरंडोल मागं पडलं तेव्हा लक्षात आलं, की ही चौकशी माझी नव्हतीच. दुसरं कुणी गेलं असतं आणि फोन नानांना आला असता, तर त्यांनी हेच विचारलं असतं. दोन उशांवर झोप लागली म्हणजे शेवटी दम फार लागला नसावा, हा अर्थही त्यांनीच काढला असता, आणि आम्हाला सांगून टाकला असता.

नाना माझ्या आईचे धाकटे भाऊ. नात्यानं मामा, पण मामा म्हणून त्यांना कुणी कधी हाक मारली नाही. लहानथोर सगळे नानाच म्हणत. साक्री तालुक्यातल्या गुरांच्या सरकारी दवाखान्यात ते व्रणोपचारक होते. हा शब्द फक्त कागदावर. दवाखान्यात त्यांना ड्रेसर म्हणत आणि आसपासच्या पाड्यांवर तर सरळ डॉक्टर. त्या 'डॉक्टर'ला मात्र नाना दर वेळी अडवत. "मी डॉक्टर नही शे, भाऊ. डॉक्टर साहेब येतीन. मी धरनारा मानूस." धरणारा म्हणजे जनावर धरणारा. बैल आडवा पाडायचा, मोडलेल्या शिंगाला पट्टी बांधायची, साहेब सुई टोचेपर्यंत म्हशीशी गप्पा मारत राहायचं. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी हे केलं, मग धुळ्याला किशोरकडे राहायला गेले. मी शाळेत असताना मे महिन्याच्या सुट्टीत साक्रीला जायची. बाजाराच्या दिवशी दवाखान्याच्या आवारात जनावरांची दाटी असे, आणि नाना मला ओढत एखाद्या गाईजवळ नेत. माझी मूठ तिच्या डाव्या कुशीतल्या खळग्यात दाबून धरत आणि विचारत, "काय लागतंय हाताला?" मी म्हणे, काही नाही. मग थोड्या वेळानं आतून काहीतरी मोठं, संथ, लाटेसारखं येई आणि माझी मूठ उचलली जाई. मी घाबरून हात काढून घेई. नाना मात्र प्रत्येक वेळी पहिल्यांदाच पाहिल्यासारखे खूश होत. हजारो गाईंची पोटं फिरताना त्यांनी पाहिली असतील. पण त्यांचं कुतूहल काही विटलं नाही.

राई आमच्याकडे आली ती आमच्या लेकीमुळे. मधुरा तेव्हा पुण्याला शिकत होती. मैत्रिणीकडून तिनं हे पिल्लू उचललं, वसतिगृहात ठेवू देईनात, म्हणून जळगावला घेऊन आली. "आई, पंधरा दिवस सांभाळ," म्हणाली. त्या पंधरा दिवसांना आता नऊ वर्षं होतील. तिनं नाव कोको ठेवलं होतं. त्याच आठवड्यात एका लग्नासाठी नाना जळगावला आले. मी टोपली पुढं केली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "हाई काय शे? कुत्रं शे का उंदीर?" आम्ही हसलो. नानांनी दोन बोटांनी तिचे कान पाहिले, हिरड्या पाहिल्या, आणि डोक्यावरून हात फिरवताना एकदम बोट उचललं, चटका बसल्यासारखं. "सुनू, हिची टाळू भरलेली नाही!" मला वाटलं, थट्टा करताहेत. त्यांनी माझं बोट धरून तिच्या डोक्यावर ठेवलं. खरंच... कवटीच्या मधोमध हरभऱ्याएवढी जागा मऊ होती. तान्ह्या बाळाची असते तशी.

लग्न राहिलं बाजूला. नानांनी त्या दिवशी भेटेल त्याला टाळूबद्दल विचारलं. कुणाला काय माहीत असणार? शेवटी संध्याकाळी मला म्हणाले, "तुमच्याकडे कुत्र्यांचा डॉक्टर कोण?" आमच्या भागात एका तिशीतल्या डॉक्टर बाईंनी नुकताच दवाखाना थाटला होता. नाना लग्नाच्या कपड्यांतच तिथं गेले. आयुष्यभर दवाखान्यातल्या डॉक्टरांना साहेब म्हणायची सवय. या मुलीसारख्या डॉक्टरलाही त्यांनी दारातूनच "नमस्कार साहेब" म्हटलं आणि ती गोंधळली. पण तिनं नीट समजावून सांगितलं. या जातीत टाळू उघडी राहणं नवलाचं नाही, कित्येकांची जन्मभर तशीच राहते. डोक्याला मार लागू द्यायचा नाही. चालताना तोल जायला लागला, झटके आले, तर पुढच्या तपासण्यांचा विचार करायचा. नुसती मऊ आहे म्हणून काही करायचं नाही. नानांनी पुन्हा विचारलं, "म्हणजे साहेब, हे दुखणं नाही, ही घडणच?" ती म्हणाली, "हो, घडण." परत येताना रिक्षात ते स्वतःशीच हसत होते. "एवढी राईएवढी, आणि तिला देवानं छपरात खिडकी ठेवली." तेव्हापासून ती राई. कोको हे नाव फक्त तिच्या लसीकरणाच्या कार्डावर आहे.

पुढच्याच महिन्यात राईनं आम्हाला घाबरवलं. घरात पाहुणे होते, गडबडीत तिच्या सकाळच्या खाण्याकडे कुणी पाहिलं नाही. दुपारी पाहते तर ती सोफ्याखाली आडवी, मान लुळी, पाय थरथरताहेत, डोळे कुठंतरी लागलेले. मी नानांना फोन लावला. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "सकाळपासून खाल्लं काय तिनं?" काही नाही. "अंग गार लागतंय?" हो. "मग घट्ट साखरपाणी कर. पाजू नको, ठसका लागेल. बोटानं हिरड्यांना चोळ. आणि चोळत चोळतच दवाखान्यात जा, थांबू नको." मी तेच केलं. रिक्षात माझी बोटं चिकट झाली, ओढणी चिकट झाली, आणि दवाखान्याच्या अलीकडे राईनं माझं बोट चाटलं. डॉक्टरांनी तिच्या कानाला बारीकशी सुई टोचून रक्ताचा थेंब घेतला आणि साखर पाहिली. चोळूनही ती कमीच होती. एवढ्याशा देहात साठवण नसते, या पिल्लांना थोडं थोडं पण वेळेवर खायला द्यावंच लागतं, असं त्यांनी सांगितलं. नानांना कसं कळलं, हे मी नंतर विचारलं. म्हणाले, "मला कुठं कळलं? थंडीत उपाशी राहिलेलं करडू असंच पडतं. म्हटलं, ही करडापेक्षा लहान."

त्या दिवशी डॉक्टर बोलता बोलता एक वाक्य बोलून गेल्या होत्या. "ही तपासणी लगेच केली, कारण तिच्या उत्तरावर माझं पुढचं पाऊल ठरणार होतं." मी ते सहज नानांना सांगितलं, आणि नानांनी ते असं उचललं की पुढं कित्येक वर्षं ते त्यांचंच वाक्य झालं. त्यांनी त्याला आपल्या पद्धतीनं घडवलं. कुठल्याही तपासणीचं नाव निघालं की ते विचारत, "उत्तर काहीही आलं, तर आपण उद्या वेगळं काय करणार?" राईचे दुधाचे दात पडले नाहीत, त्यांच्या मागून पक्के आले, आणि तोंडात दुहेरी रांग झाली. भूल देऊन ते काढायचे होते. त्याआधी डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. नाना लगेच म्हणाले, कर. लिव्हरनं, किडनीनं काही वेगळं सांगितलं तर भूल पुढं ढकलता येईल. मग गुडघ्याचं निघालं. राई चालता चालता मागचा एक पाय उचलून तीन पावलं लंगडी घाली आणि पुन्हा जणू काही झालंच नाही अशी पळे. गुडघ्याची वाटी बाजूला सरकते आणि आपोआप जागेवर येते, हेही या जातीत नेहमीचं. डॉक्टरांनी हातानंच ती सरकवून दाखवली. एक्स-रे काढू का, म्हणून मीच विचारलं, कारण मला कागदावर काहीतरी हवं होतं. तेव्हा आमच्याकडे आलेल्या नानांनी तिथंच, डॉक्टरांसमोर, आपला प्रश्न टाकला. डॉक्टर हसल्या. म्हणाल्या, "सध्या तरी काही वेगळं करणार नाही. वजन वाढू देऊ नका, सोफ्यावरून उड्या मारू देऊ नका. लंगडणं वाढलं तर फोटो काढू, ऑपरेशनचं बोलू." ते वाढलं नाही. नानांचा प्रश्न आमच्या घरात जवळजवळ नियम झाला. मधुरानं बंगळूरहून स्वतःच्या पाठदुखीसाठी फोन केला तरी मी तिला तोच विचारू लागले.

आणि तिथंच आमचं चुकलं.

राई साडेसात वर्षांची असताना खोकू लागली. हंस ओरडावा तसा कोरडा, मोठा आवाज; एवढ्याशा गळ्यातून तो यायचा म्हणजे ऐकणारा दचकायचाच. पट्टा ओढला गेला की जास्त. डॉक्टरांनी छाती ऐकली, बराच वेळ ऐकली, आणि म्हणाल्या, "श्वासनलिका मऊ पडून दबत असावी. पण हृदयातही आवाज येतोय. छातीचा एक्स-रे काढू, आणि जमलं तर नाशिकला नेऊन हृदयाची सोनोग्राफी करून घ्या." मे महिना होता. रस्त्यावर डांबर पाघळत होतं, राई पाच मिनिटं धापा टाकत होती नुसत्या रिक्षाच्या प्रवासानं. मी नानांना फोन केला. ते म्हणाले, "गळ्यातला पट्टा काढ, छातीला बांधायचा आण. खोकला कमी झाला तर नळीचंच होतं म्हणायचं. आणि हृदयात आवाज आहेच, तर फोटोनं तो जाणार आहे का? म्हातारपण शे ते. उगीच तिला यंत्राखाली कशाला दाबायचं?" मी छातीचा पट्टा आणला. खोकला खरंच निम्म्यावर आला. डॉक्टरांचा एकदा फोन आला, मी म्हटलं, बरी आहे, ऊन उतरलं की येतो. खरं सांगायचं तर नानांनी नको म्हटल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं होतं. त्या फोटोत काही निघालं असतं तर... ही भीती माझी होती. नानांनी तिला फक्त कारण पुरवलं.

दिवाळीच्या आधी, फराळाचं चाललेलं असताना, राई जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसली आणि आडवी झाली. जीभ निळसर. बरगड्या भात्यासारख्या. दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ऑक्सिजनवर ठेवलं, पाणी उतरायचं इंजेक्शन दिलं, आणि जरा सावरल्यावर जो फोटो मे महिन्यात काढायचा होता तो काढला. हृदय वाढलेलं होतं, इतकं की वरची श्वासनलिका त्यानं उचलून धरली होती. फुप्फुसात पाणी. दोन दिवस ती त्या पेटीत होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं नाना आले. बसस्थानकावरून घरी न येता थेट दवाखान्यात गेले, पेटीसमोर उभे राहिले. मग डॉक्टरांना विचारलं, "साहेब, मे महिन्यात फोटो काढला असता तर?"

डॉक्टर घुटमळल्या. म्हाताऱ्या माणसाला दुखवायचं त्यांच्या जिवावर आलं असावं. "तेव्हाच हृदय वाढलेलं दिसलंच असतं, असं मी नाही सांगू शकत. पण दिसलं असतं तर एक गोळी लगेच सुरू केली असती. लक्षणं नसतानाही ती देतात. छातीत पाणी होणं त्यानं बरंच लांबतं."

"म्हणजे वेगळं काही करता आलं असतं."

"हो."

नाना खुर्चीत बसले. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "अशी गोळी असते हे मला माहीत नव्हतं," ते म्हणाले. "साहेब, प्रश्न माझा बरोबर होता. पण तो मी मलाच विचारला. तुम्हाला विचारायला पाहिजे होता." मी म्हटलं, नाना, निर्णय माझा होता. ते म्हणाले, "तुझाही होता. पण धरणाऱ्या माणसानं डॉक्टरचं काम करायला जायचं नसतं. बत्तीस वर्षं लोकांना सांगितलं आणि शेवटी मीच..."

राई वाचली. नाशिकला तिच्या हृदयाची सोनोग्राफी झाली, डाव्या बाजूची झडप नीट मिटत नाही, रक्त मागं फिरतं, हे कळलं, गोळ्या लागल्या. मला वाटलं होतं, चूक झाल्यावर नाना आता मागं होतील, राईच्या बाबतीत बोलायचे नाहीत. झालं उलटंच. ते जास्त विचारू लागले. डॉक्टरांनी घरी एकच काम सांगितलं होतं: राई गाढ झोपलेली असताना मिनिटाला किती श्वास घेते ते मोजायचं, तीसच्या वर सतत जाऊ लागले की फोन करायचा. नानांना हे फार आवडलं. ना सुई, ना यंत्र, ना प्रवास, आणि उत्तर आलं की काय करायचं तेही ठरलेलं. रोज दुपारी धुळ्याहून फोन येई. "आज किती?" बावीस, चोवीस. "काल तेवीस होते." त्यांच्या लक्षात असायचं. मग हळूहळू दुसरे प्रश्न. झडपेला पाकळ्या किती? बैलाची झडप का बिघडत नाही? की बिघडते आणि तोवर बैल विकलेला असतो? लहान जातींचंच असं का होतं? मी डॉक्टरांना विचारून सांगे. कधी कधी डॉक्टर म्हणत, हे मलाही बघावं लागेल. त्याचा तर नानांना विशेष आनंद. "साहेबांना पण माहीत नही!" असं ते सांगत, पण त्यात खोड काढणं नव्हतं. एखादी वाट अजून कुणी चाललेलं नाही हे कळल्याचा तो आनंद होता.

गेल्या हिवाळ्यात नानांनाच दम लागू लागला. पावलं सुजली, एका उशीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. धुळ्यातल्या डॉक्टरांनी हृदयाची सोनोग्राफी केली आणि गोळ्या दिल्या. काही महिन्यांनी अँजिओग्राफीसाठी नाशिकला जाण्याबद्दल बोलणं निघालं. किशोरनं तयारी केली, रजा टाकली. नानांनी डॉक्टरांना विचारलं, "त्यात काहीही दिसलं, तर तुम्ही वेगळं काय करणार?" डॉक्टर सरळ माणूस होता. म्हणाला, तुमचं वय आणि तुमच्या किडनीची अवस्था पाहता ऑपरेशन मी सुचवणार नाही, गोळ्या ह्याच राहतील, फार तर थोड्या इकडच्या तिकडे. मग नको, म्हणाले नाना. किशोरनं मला फोन केला. "ताई, तू सांग त्यांना. तुझं ऐकतात." मी समजूत काढायचं ठरवूनच राईला घेऊन धुळ्याला गेले. नाना पलंगावर तीन उशांना टेकून बसले होते, राई त्यांच्या पोटाशी. मी सगळी वाक्यं मनात जुळवली होती. पण त्यांच्याकडे पाहिल्यावर एकच विचारलं. "नाना, हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारला, की डॉक्टरांना?"

ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. "डॉक्टरांना," म्हणाले. "दोनदा."

मी त्यांना पाणी दिलं आणि नाशिकचा विषय सोडून दिला.

गंमत पुढंच आहे. नियमित दाखवायला गेले असताना नानांनीच डॉक्टरांकडे हट्ट धरला, की हृदयाची सोनोग्राफी पुन्हा करा. डॉक्टर म्हणाले, आता त्याची काही गरज नाही, तिच्यानं काही बदलणार नाही. "माहीत शे. पण मागच्या वेळी पडदा तुम्ही तुमच्याकडं वळवला होता. माले देखनं शे." किशोर बाहेर येऊन मला फोनवर अक्षरशः ओरडला. "जी करायला पाहिजे ती नको म्हणतात, आणि जी नको ती मागतात! काय करू मी या माणसाचं?" पण डॉक्टरांनी केली. पडदा वळवला. तासाभरानं नानांचा फोन. दम लागत होता, तरी थांबेनात. "सुनू, पाहिली मी. डाव्या बाजूची झडप. राईची तीच ना?" तीच, मी म्हटलं. "अगं, मिटताना तिची एक पाकळी मागं उलटी जाते. शेतावरच्या झोपडीचं दार वाऱ्यानं जातं ना, तशी. आणि पुन्हा येते. पुन्हा जाते... ऐंशी वर्षं हे माझ्या आत चाललंय, थांबलं नाही एकदाही, आणि मी आज पाहिलं!" त्यांच्या आवाजात भीती मी शोधली. नव्हती. त्यानंतर अकरा दिवसांनी किशोरचा सकाळचा फोन आला.

त्या दिवशी धुळ्याच्या घरी मी राईला पिशवीत घेऊनच गेले. तिला मागं कुणाकडे ठेवणार? काही नजरा माझ्याकडे वळल्या, वळू दिल्या. सगळं आटोपल्यावर, माणसं पांगल्यावर, किशोर माझ्याजवळ येऊन उभा राहिला. आवाज न चढवता म्हणाला, "ताई, तू सांगितलं असतंस तर गेले असते ते नाशिकला." मी म्हटलं, "गेले असते." "मग का नाही सांगितलंस?" यावर माझ्याकडे उत्तर होतं, डॉक्टरांचं होतं, नानांचं स्वतःचं होतं, पण बाप गेलेल्या मुलासमोर त्यातलं एकही उच्चारण्यासारखं वाटलं नाही. आणि खरं म्हणजे मलाही ठाऊक नाही. मे महिन्यातल्या त्या फोटोबद्दल मला आज निदान इतकं तरी सांगता येतं, की काढायला हवा होता. नानांच्या तपासणीबद्दल तसं काही म्हणता येत नाही. बरोबर प्रश्न बरोबर माणसाला विचारला, तरी त्याच्या पलीकडे थोडी जागा उरतेच. किशोर त्या जागेत उभा होता. मी त्याला तिथून ओढून आणू शकत नव्हते.

महिनाभर आमचं बोलणं कामापुरतंच झालं. परवा त्याचा निरोप आला, नानांची खोली आवरायची आहे, ये. मी गेले. खिडकीतून पेरूचं झाड दिसतं ती मागची लहान खोली. पलंगावर किशोरनं कपड्यांचे गठ्ठे केले होते, टोप्या वेगळ्या, औषधांची पाकिटं एका डब्यात. आम्ही दोघं घड्या घालत होतो. राई पलंगाच्या कडेला पुढचे पाय टेकवून उभी होती. तिला उडी मारायची नाही, हे तिला ठाऊक आहे. कुणीतरी उचलेल म्हणून ती थांबते. किशोरला कुत्र्यांचं कधीच वेड नव्हतं. इतक्या वर्षांत त्यानं तिला एकदाही उचललेलं मी पाहिलं नाही. पण माझे हात भरलेले होते. त्यानं एक तळवा तिच्या छातीखाली घालून तिला वर घेतलं आणि तसाच थबकला.

"ताई, हिच्या आत काय होतंय? मांजर घुरघुरतं तसं लागतंय हाताला."

"रक्त मागं फिरतं ना, त्याची खरखर आहे ती," मी म्हटलं. "आता वाढलीय. आधी फक्त डॉक्टरांनी कानाला नळी लावली की ऐकू यायची."

तो पलंगावर बसला, टोप्यांच्या शेजारी. राई त्याच्या हातात. खिडकीबाहेर कुणीतरी मोटरसायकल चालू करत होतं, ती चालू होईना.

"नानांच्या छातीतही असं लागत असेल का? बाहेरून, हात ठेवला की?"

मी विचार केला. इतक्या वेळा त्यांच्याजवळ बसले, पाठ चोळली, उशा लावल्या. छातीवर तळवा ठेवून कधी पाहिलं नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हटलं.

"माणसांमध्ये लागतं की नाही, कोण सांगेल?"

"डॉक्टर सांगतील. विचारू या."

किशोरनं मान हलवली. राईनं त्याच्या मनगटावर हनुवटी टेकली आणि डोळे मिटले. तो हात न हलवता तसाच बसला होता, मान थोडी तिरकी, आतलं काही ऐकू येतंय का पाहत असल्यासारखा. थोड्या वेळानं त्यानं दुसऱ्या हातानं गठ्ठा सरकवून माझ्यासाठी जागा केली.

"इथं ठेव बरं हात," तो म्हणाला. "इथं जास्त लागतंय."